फुकट होडी, गरम भात आणि दिव्याचं तेल

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण शेवटी तुमच्यासाठी एक काम ठेवलंय.

गेल्या रविवारी आम्ही घरची सहा माणसं एका दिवसाच्या फिरतीला गेलो. केळवे, माहीम, तारापूर, चिंचणी. म्हणजे आपल्याच अंगणात. मी, बायको, आई, धाकटा भाऊ, भावजय आणि भावाची मुलगी. ती एक वर्ष आठ महिन्यांची आहे. नाव शाळेत घालताना कामाला येईल, तूर्तास सगळे छकुलीच म्हणतात.

निमित्त नवसाचं होतं. छकुली दिवस भरायच्या आधीच झाली. वजन दीड किलोच्या आत. बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. त्या दिवसांत आई केळव्याच्या शितलादेवीला बोलली होती, ‘पोर घरी येऊ दे, तुझ्या पायावर आणून घालीन.’ पोर घरी आली, आता घरभर धावते, पण नवस मात्र राहून गेला. कधी पोरीला सर्दी, कधी पाऊस, कधी भावाला सुट्टी नाही. मधल्या काळात आईचे गुडघे बसले. दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, “माझे पाय चालतायत तोवर फेडून टाका रे बाबांनो.” त्यावर काय बोलणार?

भाऊ राहतो विरारला. तिघं पहाटेच्या डहाणू लोकलने पालघरला उतरली. आज ही गोष्ट सहज वाटते. पण डहाणूपर्यंत लोकल आली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी विरारच्या पुढे शटल आणि लांबच्या गाड्यांवर भिस्त होती. कडेवर पोर, खांद्यावर पिशवी आणि एका हाताने दांडा धरून प्रवास केलेल्या बायका आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यांना विचारा लोकल आल्याने काय बदललं ते. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, राज्यातला छत्तिसावा. जिल्हा व्हायच्या आधी वर्षभर आपल्याला लोकल मिळाली होती, हे मी गमतीने नेहमी सांगतो. कागदावरच्या जिल्ह्याच्या आधी रुळावरचा जिल्हा झाला.

शेजाऱ्याची इको घेतली आणि सातला निघालो.

केळव्याला पोचलो तेव्हा वाड्यांमध्ये पानवेलींना पाणी सुटलं होतं. शितलादेवीचं देऊळ समुद्राच्या अगदी जवळ. शेजारी कुंड, पलीकडे सुरूची झाडं, त्यामागे लाटांचा आवाज. आईने छकुलीला देवीसमोर जमिनीवर ठेवलं. छकुलीने तिथला एक फुलाचा देठ उचलून तोंडात घातला. आईने तो काढला आणि डोळे पुसले. नवस फिटला, एकूण दोन मिनिटांत.

आता शितला म्हणजे कोण? आपल्या भाषेनेच त्याचं उत्तर सांभाळून ठेवलंय. ज्या रोगाने शेकडो वर्षं आपली लेकरं नेली, त्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणतो. ‘देवी आल्या’, ‘देवी टोचल्या’. ताप अंगात भडकतो, म्हणून जिला शीतल हो अशी विनवणी करायची ती शितला. या देवळात आया फक्त लेकरांना घेऊन येत नसत, भीतीही घेऊन येत. आणि ती भीती खोटी नव्हती. लेकरू वाचलं तरी डोळे जात, चेहऱ्यावर वण राहत.

या भीतीवरचा पहिला उताराही आपल्या जवळच मिळाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. देवीची लस यशस्वीपणे घेणारी भारतातली ती पहिली व्यक्ती. म्हणजे आपल्या देशाच्या लसीकरणाचा इतिहास एका तीन वर्षांच्या पोरीच्या दंडावर सुरू होतो. तिच्या अंगावरच्या फोडातून काढलेली लस पुढे इतरांना टोचत टोचत देशभर नेली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या जगातून हा रोग गेल्याचं जाहीर केलं. माझ्या आईच्या दंडावर देवी टोचल्याच्या वाटोळ्या खुणा आहेत. माझ्या दंडावर खूण आहे ती क्षयाच्या लशीची. छकुलीला देवी हा रोग फक्त गोष्टीत भेटेल.

रोग गेला तरी शितलादेवीकडे लेकरं येतातच. यावर हसणारे मित्र मला आहेत. मी हसत नाही. माझ्या आईने नवस केला आणि त्याच वेळी माझा भाऊ डॉक्टरांच्या दारात उभा होता. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच रात्री चालू होत्या. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच असतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

दिवसभरात आम्ही चार-पाच जागी थांबलो. त्यातल्या एका जागी छकुलीचं लंगोट बदलायची वेळ आली, शिवाय ती भुकेने रडायला लागली. अजून आईच्या अंगावर पिते. ऊन चढलेलं. समोर सार्वजनिक शौचालय होतं, चांगलं पक्कं बांधलेलं. दारावर संगमरवरी पाटी. पाटीवर उद्घाटकांची, प्रमुख पाहुण्यांची, उपस्थित मान्यवरांची नावं. पाटीच्या खाली कुलूप. कुलपाला गंज.

पत्रकाराची खोड, मी किल्लीच्या मागे लागलो. चहावाला म्हणाला, किल्ली राखणदाराकडे. राखणदार म्हणाला, सफाईवाल्याकडे. सफाईवाला लग्नाला गावी गेलेला. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर दोन दिवस तिथलं कुलूप निघेल, फोटो येतील आणि विषय संपेल. विषय एका कुलपाचा नाही. तुम्ही ही पोस्ट वाचताना तुमच्या गावातलं कुलूप तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेलच.

भावजय गाडीत बसली. खिडकीला ओढणी लावली. आत भट्टी झालेली. पोर घामाने भिजून आणखी रडायला लागली. भावजय काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ‘उगाच आलो’ हे स्पष्ट दिसत होतं. भाऊ म्हणाला, “दादा, परत फिरू या का?”

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते, त्याखालून वाकून आली. “ये बाय, आत ये. पोरीला किती रडवशील?” एवढंच बोलली. आत चटई टाकली, पंखा लावला, दार ओढून घेतलं. आम्ही पुरुष अंगणात उभे. अर्ध्या तासाने छकुली बाहेर आली ती हसत. तोंडाला भात लागलेला. म्हातारीने मऊ भातावर तूप घालून चार घास भरवले होते. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं एवढंच, की पोरगी भात खाते का.

हा भात आणि हे तूप लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गाडी माहीमकडे निघाली. हे आपलं केळवे-माहीमचं माहीम, मुंबईतलं नव्हे. जुनं नाव महिकावती. ज्या महिकावतीच्या बखरीचं नाव उत्तर कोकणच्या इतिहासात सतत येतं, ती याच गावच्या नावाची. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये छापली. बिंब राजा, त्याच्याबरोबर आलेली कुळं, वसवलेली गावं असं सगळं त्यात आहे. माहीममधून जाताना आई गप्प होती. मग अचानक म्हणाली, “आपल्या महालक्ष्मीलाच बरं कळलं होतं.”

ती म्हणत होती ती डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याची महालक्ष्मी. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस तिची जत्रा भरते. आदिवासी, कोळी, वाडवळ, गुजरातेतले भाविक, सगळ्यांची ती देवी. तिची कथा आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात. देवीचं मूळ ठाणं उंच डोंगरावर, मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावर. एक गरोदर बाई दर्शनाला डोंगर चढायला लागली. पोटात बाळ, वर ऊन. तिला घेरी आली आणि ती वाटेतच बसली. तेव्हा देवी तिला म्हणाली, की तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून देवी पायथ्याशी आली, आणि म्हणून आज आपण पायथ्याशी दर्शन घेतो.

ही कथा मी शंभरदा ऐकलीय. त्या दिवशी पहिल्यांदा ती नीट ऐकू आली. बाईला चढता येत नाही, तर देव जागा बदलतो. बाईला कुणी सांगत नाही, की तब्येत सांभाळून घरी बसायचं होतं.

आणि मग हिरकणी आठवली. रायगडचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून दूध विकायला गेलेली हिरकणी कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज आहे. आज एसटी स्थानकांत, सरकारी कार्यालयांत बाळाला पाजायच्या खोलीला आपण ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो. नाव फार सुंदर आहे. पण कक्षालाच कुलूप असेल तर ती हिरकणी पुन्हा बंद दरवाजासमोर उभी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बोईसरला जेवलो. बोईसरबद्दल वेगळं काय सांगू? निम्मे वाचक तिथलेच आहेत. एमआयडीसीचं नाव तारापूर, स्टेशनचं नाव बोईसर, आणि बाहेरून आलेल्या माणसाला खरं तारापूर गाव कुठे आहे हे विचारावं लागतं. ते समुद्रकाठी, खाडीच्या दक्षिण तीरावर. उत्तर तीरावर चिंचणी. मध्ये खाडी आणि पूल. जुन्या कागदांत दोन्ही नावं जोडीनेच येतात, तारापूर-चिंचणी.

तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांचा. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव अशी ठाणी एकापाठोपाठ एक पडली आणि त्याच महिन्यात तारापूरही घेतलं. पण ते स्वस्तात मिळालं नाही. पेशव्यांचे जवळचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर याच वेढ्यात गोळी लागून पडले. मे महिन्यात वसई घेतली त्याचे पोवाडे आपण गातो. तारापूरला बाजी भिवराव पडले हे तारापूरच्याही किती पोरांना ठाऊक आहे?

किल्ल्याच्या भिंतीला हात लावून छकुली “मोठ्ठं” म्हणाली. तिच्या शब्दकोशात एकूण वीस-पंचवीस शब्द आहेत, त्यातला एक तारापूरच्या वाट्याला आला.

इथून जवळच अणुऊर्जा केंद्र. देशातलं पहिलं. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तिथली वीज बाहेर विकायला सुरुवात झाली. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. उत्तरेला वाढवणला बंदर येतंय, ७६,२२० कोटींचं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याचं भूमिपूजन झालं. बुलेट ट्रेनचं एक स्थानक आपल्या बोईसरला. या प्रत्येकावर मी लिहिलंय आणि पुढेही लिहीन. मच्छीमार काय म्हणतात, कुणाला काय मिळालं, कुणाचं काय गेलं. आज तो विषय नाही. आज एवढंच म्हणायचंय, की हजारो कोटींच्या आकड्यांची सवय झालेल्या आपल्या मुलखात एका शौचालयाची किल्ली सापडत नाही.

आता चिंचणी. पूल ओलांडला आणि मी गाडीत सगळ्यांना गोष्ट सांगायला लागलो. तीच तुम्हाला सांगतो. सगळी पोस्ट खरं तर हिच्यासाठी.

१९५५ च्या सुमारास चिंचणीत काही ताम्रपट सापडले. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र. तेव्हाचा सातबारा, जीआर आणि कोर्टाचा निकाल, सगळं एकात. दिनेशचंद्र सरकार या मोठ्या अभ्यासकाने ते वाचले आणि ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. भाषा संस्कृत. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. शिवरायांच्या जन्माआधी सातशे वर्षं. मुंबई हे शहर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तेव्हा इथे राष्ट्रकूटांचं राज्य होतं. राजा इंद्र तिसरा. राजधानी लांब मान्यखेटला, आताच्या कर्नाटकात. आपला किनारा ‘संयान मंडल’ म्हणून ओळखला जाई. संयान म्हणजे संजाण. हो, तेच संजाण, जिथे पारशी उतरल्याची परंपरा सांगतात. आज ते गुजरातेत आहे, पण १९६० पर्यंत उंबरगाव तालुका आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता.

या संयान मंडलाचा कारभार राजाने कुणाकडे दिला होता? ताम्रपटात नाव आहे मधुमती. तो ताजिक होता, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप. त्याचं दुसरं नाव सुगतिप. इंद्राच्या आधीच्या राजाने, कृष्ण दुसऱ्याने, त्याला नेमलं होतं. आसपासची बंदरं त्याने राजासाठी ताब्यात घेतली होती.

आणि या अधिकाऱ्याचं कौतुक करताना ताम्रपट काय सांगतो? लढाया सांगतोच. पण त्याबरोबर सांगतो, की त्याने दोन नद्यांवर फुकट होडी सुरू केली. आणि संयानला अन्नसत्र घातलं. त्यात काय मिळे तेही लिहिलंय: शाली तांदळाचा भात, कालवण आणि तूप. पैसे न घेता.

शाली म्हणजे चांगल्या प्रतीचा तांदूळ, तेव्हाचा वाडा कोलम म्हणा हवं तर.

मी हे सांगत होतो तेव्हा मागच्या सीटवर भावजय छकुलीच्या गालावरचा सुकलेला भात पुसत होती. तिने वर बघितलं. काही बोलली नाही. तिला जे कळलं ते मलाही तेव्हाच नीट कळलं.

पुढे ऐका. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संयानला एक मठिका बांधली होती. तिथे दशमी नावाची देवी होती, भगवतीचं रूप. अन्नैयाने विनंती केली आणि राजाच्या संमतीने या अरब अधिकाऱ्याने देवीसाठी दान दिलं. कणाडुक नावाचं गाव आणि आणखी एका गावातली थोडी जमीन. कशासाठी? देवीच्या नैवेद्यासाठी, मठिकेतल्या नऊ जणांच्या जेवणासाठी आणि मठिकेच्या डागडुजीसाठी.

अरब अधिकारी, कानडी मुलखातला राजा, आपल्या किनाऱ्यावरची देवी. यावरून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. ताम्रपटात जे आहे ते मी सांगतोय. त्यांचं आपसात जमलं होतं, आपण कशाला तापायचं?

आणि तो काळ सोन्याचा होता असंही मी म्हणत नाही. मठिकेत जेवणारे ते नऊ जण ब्राह्मणांच्या परिषदेतले होते. ज्या गावाच्या उत्पन्नावर हे चाललं, त्या गावाला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. होडी वल्हवणाऱ्याचं नाव ताम्रपटात नाही, भात रांधणाऱ्या बाईचं तर नाहीच.

भांडणंही होती. भिल्लमाल, म्हणजे राजस्थानातलं भीनमाळ, तिथल्या व्यापाऱ्यांनी इथे स्वतःच्या देवाचं देऊळ बांधलं होतं. त्या देवळाची थोडी जागा मठिकेच्या कुंपणात आली. वाद झाला. पुढच्या एका ताम्रपटात त्याचा निकाल आहे: मठिकेने त्या देवाला दरसाल चाळीस द्रम्म भाडं द्यावं. कुंपणाचा वाद, शेजारी देवस्थान आणि तडजोड. आमच्या तहसील कचेरीची बीट करणाऱ्या कुठल्याही वार्ताहराला हे वाचून घरी आल्यासारखं वाटेल.

आणि शेवटचा एक. शके ९५६, म्हणजे १०३४. राष्ट्रकूट जाऊन शिलाहार आलेले. त्यांचा मांडलिक चामुंडराज याने याच मठिकेला एक तेलाचा घाणा दिला. भगवतीपुढे दिवा जळता राहावा म्हणून, आणि मठिकेतल्या ब्राह्मण-पंडितांच्या पायांना लावायला तेल असावं म्हणून.

दिव्यासाठी त्याने तेलाची बाटली दिली नाही, घाणा दिला.

मंडळी, मला सांगायचंय ते एवढंच आहे. या तिन्ही ताम्रपटांत एक गोष्ट समान आहे. काय बांधलं याच्यापेक्षा ते चालणार कशावर, हे त्यांत जास्त सविस्तर लिहिलंय. डागडुजीचा खर्च कुठून येणार? अमुक गावच्या उत्पन्नातून. जेवण कशावर चालणार? त्याच उत्पन्नावर. जागेचं भाडं किती, कुणी कुणाला द्यायचं? चाळीस द्रम्म. दिवा कशावर जळणार? घाण्यावर.

आणि आपल्या संगमरवरी पाटीवर काय असतं? नावं. ती उघडण्याच्या दिवसाची आठवण असते. दुसऱ्या दिवशी झाडणार कोण, पाण्याची टाकी कोण भरणार, किल्ली कुणाकडे, त्याचा पगार कुठून, यातलं एक अक्षरही त्यावर नसतं. म्हणून दुसऱ्या वर्षी कुलूप लागतं. चोर नको, भ्रष्टाचारही नको, नुसती ही तरतूद नसली तरी चांगली इमारत बंद पडते. वीस वर्षं बातमीदारी करताना मी उद्घाटनांच्या शेकडो बातम्या दिल्या असतील. चालू खर्चाची बातमी किती दिल्या, हे आठवताना मला स्वतःचीच लाज वाटली.

त्या म्हातारीने भात दिला, खोली दिली. अकराशे वर्षांपूर्वीचं सत्र आजही या किनाऱ्यावर चालू आहे, फरक इतकाच की ते तिच्या एकटीच्या चुलीवर चालतंय. ती उद्या बाजाराला गेलेली असली तर? तिच्या दारात रविवारी पन्नास गाड्या आल्या तर? माणुसकी आपल्याकडे भरपूर आहे. पण पन्नास लेकुरवाळ्या बायकांची सोय एका म्हातारीच्या माणुसकीवर सोडून गावाने मोकळं होणं बरं दिसत नाही.

होडीचंही तसंच. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. वैतरणेला वळसा घालायचा त्रास वाचला. तिकीट काढून का होईना, चांगलं झालं. फुकट करा असं मी म्हणत नाही. चालू ठेवा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लावा, आणि थांबणाऱ्या बाईला सावलीत बसायला बाक ठेवा.

चिंचणीच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी. छकुलीने आयुष्यात पहिल्यांदा समुद्राला पाय लावला. आधी घाबरली, आजीच्या पदराला धरून उभी राहिली. मग एक पातळ लाट येऊन तिच्या बोटांवरून गेली आणि ती खिदळली. आईने गुडघ्यांचा विचार न करता वाळूत बैठक मारली. भावजयीने पहिल्यांदाच त्या दिवशी चप्पल काढली आणि पाण्यात गेली. सूर्य बुडेपर्यंत कुणी निघायचं नाव काढलं नाही. दुपारी आम्ही परत फिरलो असतो तर यातलं काहीच घडलं नसतं. एका बंद दारामुळे किती घरांचे असे दिवस अर्ध्यावर मोडत असतील? ती माणसं तक्रार करत नाहीत. पुढच्या वेळी येत नाहीत, इतकंच.

आता काम सांगतो.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. आपल्या किनारपट्टीच्या आणि देवस्थानांच्या गावांतल्या प्रत्येक वाचकाने, विशेषतः बायकांनी, त्या सभेत जायचं आणि चार प्रश्न विचारायचे.

एक, गावातल्या सार्वजनिक शौचालयाची किल्ली कुणाकडे असते, आणि त्याचा फोन नंबर दारावर का नाही?

दोन, ते रोज झाडायचा, पाणी भरायचा वर्षाचा खर्च किती, आणि तो कुठून करायचा ठरलाय? किनाऱ्यावर गाड्यांची पावती फाडली जात असेल, तर त्यातला ठरावीक हिस्सा यावर खर्च करायचा ठराव का नको?

तीन, देवळाच्या आवारात किंवा किनाऱ्यालगत बाळाला पाजायला एक आडोसा, एक बाक, एक पंखा का नाही? मोठी इमारत नको. चटई आणि दार पुरे, ते त्या म्हातारीने दाखवून दिलंय.

चार, हे सगळं लिहिलेली पाटी कधी लावणार? त्यावर उद्घाटकाचं नाव हवं तर सगळ्यात वर टाका. पण त्याखाली लिहा, की हे कशावर चालेल आणि बंद दिसलं तर कुणाला विचारायचं.

ज्या गावाने हा ठराव केला, त्याने मला कळवा. त्याची बातमी मी स्वतः येऊन करीन, आणि या वेळी पाटीवरची नावं वाचणार नाही, खर्चाची ओळ वाचीन.

रात्री परतीच्या लोकलमध्ये छकुली झोपली होती. भावाने फोटो पाठवला. तिच्या मुठीत चिंचणीची थोडी वाळू तशीच होती.